भाड्याची गाडी : मोडतोड कोणाच्या माथी?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव आणि शिक्षणाचे खाजगीकरण असे भारदस्त विषय या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर आहेत. अशा वेळी भाड्याने घेतलेल्या गाडीवरच्या ओरखड्याविषयी बोलण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा संयोजकांच्या चेहऱ्यावर किंचित स्मित उमटले. ते स्वाभाविकच होते. गाडी भाड्याने घेऊन हिंडणे ही पैसेवाल्यांची हौस, तिच्यात कोणी नाडला गेला तर त्याचे त्याने पाहून घ्यावे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असणार. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटत होते. परंतु ज्या दोन प्रकरणांमुळे मला या विषयात लक्ष घालणे भाग पडले, त्यांतील एकही माणूस पैसेवाला नव्हता.

पहिले प्रकरण इचलकरंजीच्या दोन तरुणांचे. दोघेही यंत्रमागावर काम करणारे. दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.ने गोव्याला गेले आणि दोन दिवसांसाठी त्यांनी एक स्कूटर भाड्याने घेतली. भाडे दिवसाला चारशे रुपये, अनामत हजार रुपये, आणि त्याशिवाय एकाचा वाहन-परवाना ‘गाडी परत येईपर्यंत’ मालकाच्या खणात. टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पोहोचेल इतकेच. बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेल्या एका कागदावर सही झाली. ती करताना कागद कोणी वाचला नाही, आणि वाचून दाखवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत केली, तेव्हा मालकाने डाव्या बाजूला एक ओरखडा आणि पायाजवळच्या प्लॅस्टिकच्या भागाला गेलेला तडा दाखवला आणि साडेचार हजार रुपये मागितले. ओरखडा आधीचाच आहे असे पोरे म्हणाली; पण पुरावा काय? गाडी सुटायला पाऊण तास उरलेला, परवाना खणात पडलेला. घासाघीस होऊन बत्तीसशे रुपयांवर तडजोड झाली. अनामतीतून हजार वळते झाले, वरचे बावीसशे खिशातून गेले. आठशे रुपयांचे भाडे चार हजारांवर जाऊन पोहोचले. पावती अर्थातच मिळाली नाही.

ओरखडा त्यांनी पाडलाच नसेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित पाडला असेलही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या पाऊण तासात फिर्यादी, साक्षीदार, नुकसानीची किंमत ठरवणारा पंच, न्यायाधीश आणि वसुली कारकून ही पाचही कामे एकाच माणसाने केली, आणि दुसऱ्या बाजूच्या दोघांना पैसे देण्यापलीकडे कोणतेही काम उरले नाही.

आमच्या लहानपणी गावात सायकलचे दुकान होते. तासावर सायकल भाड्याने मिळे. दुकानदाराला सारा गाव अण्णा म्हणत असे. भिंतीवर खडूने लिहिलेले होते, ‘पंक्चर गिऱ्हाइकाचे’. नियम कडक खरा, पण मराठीत आणि सर्वांना दिसेल असा. सायकल देण्यापूर्वी अण्णा ती आमच्यासमोर फिरवून दाखवत, ब्रेक दाबून दाखवत. रिंग आधीच ‘आउट’ असेल तर तसे वहीत लिहून ठेवत. परत आणल्यावर वाद झालाच तर ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली जाई आणि सारे जण वाकून बुडबुडा कोठून येतो ते पाहत. जुन्या ठिगळाखालून हवा जात असेल तर पंक्चर अण्णांचे, नवे भोक असेल तर आमचे. अण्णा काही समाजवादी नव्हते, व्याजबट्टाही करीत. परंतु त्या घमेल्यातील पाणी दोन्ही पक्षांना सारखेच दिसत होते.

आजच्या करारनाम्यांतून नेमके ते घमेलेच नाहीसे झाले आहे.

या देशाचा कायदा याबाबतीत मुळात काय म्हणतो, हे पाहिले तर आश्चर्य वाटेल. १८७२ चा करार कायदा इंग्रजांनी केलेला आहे आणि तो गरिबांच्या कळवळ्याने केलेला नाही. तरीही आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या हाती सोपवणे, ज्याला कायदा निक्षेप म्हणतो, त्याविषयीची त्याची कलमे समतोल आहेत. कलम १५१ सांगते, की सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ सांगते, की तेवढी काळजी घेऊनही वस्तू हरवली, मोडली वा खराब झाली तर घेणारा जबाबदार नाही. काळजी घेतली हे दाखवण्याचा भार न्यायालये घेणाऱ्यावर टाकतात, हे मात्र विसरता कामा नये. त्याकडे मी पुढे येईन. कलम १५० तर आणखी पुढे जाते. फुकट दिलेल्या वस्तूत दोष असेल तर देणाऱ्याला तो ठाऊक होता की नाही हे पाहिले जाते. परंतु वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष ठाऊक असो वा नसो, त्यामुळे घेणाऱ्याला झालेल्या नुकसानीस देणारा जबाबदार ठरतो. कायद्याने तेथे दिलेले उदाहरणच भाड्याच्या घोडागाडीचे आहे : गाडी धोकादायक होती, मालकाला ते ठाऊक नव्हते, भाडेकरू जखमी झाला, मालक जबाबदार. ब्रेक न लागणारी स्कूटर पर्यटकाच्या हाती देऊन वर त्याच्याकडूनच मोडतोडीचे पैसे वसूल करणाऱ्यांनी हे उदाहरण दुकानात लावावे.

मग असे असताना उलटे का घडते? कलम १५२ च्या आरंभीचे काही शब्द त्याला कारण आहेत : ‘विशेष करार नसेल तर’. या एका फटीतून सारा छापील कागद आत शिरला आहे. ‘कारण काहीही असो, सर्व नुकसान भाडेकरूचे’, ‘चोरी झाल्यास गाडीची पूर्ण किंमत’, ‘दुरुस्ती चालू असेपर्यंत रोजचे भाडे’, ‘नुकसानीबाबत कंपनीचा निर्णय अंतिम’ अशी वाक्ये मी अनेक करारनाम्यांत वाचली आहेत. कायद्याने मालकाच्या अंगावर टाकलेली जोखीम एका सहीने भाडेकरूच्या अंगावर ढकलली जाते. मोटारीच्या बाबतीत किलोमीटरची मर्यादा, तिच्यापुढील जादा दर, उशिराचा दंड, टोल, धुण्याचा आकार हे वेगळेच. त्यांचा हिशेब निदान करता तरी येतो. मोडतोडीचा हिशेब करता येत नाही, आणि म्हणूनच नफा तेथे दडून बसतो.

आता कोणी म्हणेल, गाडीचा विमा असतो ना? येथेच खरी मेख आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

विम्याचे दोन भाग असतात. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला होणाऱ्या इजेचा विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. खुद्द गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. तो पुष्कळ मालकांनी उतरवलेला असतो आणि त्याचा हप्ता भाड्याच्या दरात धरलेला असतो. म्हणजे तो हप्ता भाडेकरूच भरतो. परंतु विम्याची भरपाई पूर्ण मिळत नाही. प्रत्येक दाव्यातील एक ठरावीक रक्कम मालकानेच सोसायची असते. शिवाय सर्वसाधारण पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, फायबर ग्लासवर तीस टक्के. आणि आजच्या स्कूटरच्या अंगावर प्लॅस्टिक सोडून पोचे पडण्याजोगे राहिले आहे काय? त्यातही दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. एक वर्ष दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते आणि पाच वर्षांत ती पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. तेव्हा लहानसहान नुकसानीसाठी विमा कंपनीकडे जाणे मालकाला परवडतच नाही. भाडेकरू समोर उभा असतो, त्याची अनामत हातात असते, त्याचा परवाना खणात असतो. त्याच्याकडून वसुली केली की बोनसही शाबूत राहतो. अशा रीतीने भाडेकरू विम्याचा हप्ता एकदा भरतो आणि विमा नसल्याप्रमाणे नुकसानही भरतो. एकाच जोखमीचे पैसे दोनदा घेतले जातात. वसुली करून गाडी दुरुस्तच केली नाही, तर तोच ओरखडा पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवता येतो. हे सर्वत्र घडते असे मी म्हणत नाही. पण बिल मागण्याचा हक्क नसेल तर ते घडू नये यासाठी काय तजवीज आहे?

गोव्यातील त्या स्कूटरमालकाला खलनायक ठरवण्याची माझी इच्छा नाही. असे अनेक मालक कर्ज काढून गाड्या घेतात, हंगामाच्या चार महिन्यांत वर्षाची कमाई करू पाहतात, आणि दारू पिऊन गाडी खड्ड्यात घालणारी गिऱ्हाइकेही त्यांच्या वाट्याला येतात. सरकारचे धोरण मात्र या लहान माणसाला कायद्याबाहेर ढकलणारे आहे. केंद्राच्या १९८९ च्या योजनेप्रमाणे चालकाविना मोटारी भाड्याने देण्याचा परवाना हवा असेल तर किमान पन्नास मोटारी पाहिजेत. दुचाकींसाठी १९९७ च्या योजनेत ही संख्या पाच आहे. एक-दोन मोटारींचा मालक पन्नास कोठून आणणार? तो मग खाजगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची गाडी गुपचूप भाड्याने देतो. कायदेशीर भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीखाली उद्या एखादा माणूस सापडला, तर ‘ही गाडी भाड्याने देण्यास पॉलिसीत मनाई होती’ असा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच उपलब्ध आहे. मृताच्या कुटुंबाला रक्कम आधी द्यावी आणि मग ती वसूल करावी, असा आदेश न्यायालये पुष्कळदा देतात. परंतु त्या वसुलीचे आणि दायित्वाचे भूत मालकाच्या, आणि गाडी चालवणाऱ्याच्याही, मानगुटीवर बसू शकते. दोनशे रुपये स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली गाडी केवढ्यात पडेल, याचा तेथे हिशेबच उरत नाही.

आता दुसरे प्रकरण सांगतो. माझ्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

लातूर जिल्ह्यातील एक तरुण पुण्यात घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवतो. स्वतःची गाडी नाही. म्हणून आठवड्याच्या भाड्याने विजेची स्कूटर घेतो. गाडी देणारी कंपनी वेगळी, काम देणारी वेगळी. परंतु दोघींची सांगड आहे. एका सिग्नलला तो उभा असताना मागून आलेल्या मोटारीने धक्का दिला आणि ती निघून गेली. स्कूटरचा मागचा भाग मोडला. कंपनीने सहा हजार रुपये त्याच्या नावे टाकले आणि आठवड्याला हजार याप्रमाणे वसूल करण्यास प्रारंभ केला. त्याने बिल मागितले. ‘मोबाइलवर दिसते तेच बिल,’ असे उत्तर मिळाले. त्याची चूक होती काय, हे त्याला कोणीही विचारले नाही. त्यातून गाडी ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, कमी शक्तीची. अशा गाडीला कायदा मोटार वाहनच मानत नाही. तिला नोंदणी नाही, परवाना नाही, आणि सक्तीचा विमाही नाही. उद्या तिचा धक्का एखाद्या म्हाताऱ्याला बसला तर त्या भरपाईसाठी मागे उभी राहणारी विमा कंपनीही नसेल.

आपल्यापैकी जुन्या कामगार कार्यकर्त्यांना १९३६ चा वेतन प्रदान कायदा आठवत असेल. मालकाने विश्वासाने हाती दिलेल्या मालाचे नुकसान झाल्यास मजुरीतून कपात करता येते, हे त्या कायद्याने मान्य केले होते. परंतु अटी घालून. नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालेले असले पाहिजे. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असता कामा नये. आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून कपात करता येणार नाही. २०१९ च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. इंग्रजी अमदानीतल्या गिरणी कामगाराला जी सुनावणी मिळत होती, ती पुण्याच्या या पोराला मिळत नाही. कारण एकच : तो कामगार नाही, ‘भागीदार’ आहे, असे कागदावर लिहिले आहे. हत्यार मालकाचे असते तर मोडतोडीला नियम लागले असते. तेच हत्यार त्याला भाड्याने दिले की नियम संपले. उत्पादनाच्या साधनाची झीज आणि मोडतोड भांडवलाने सोसायची असते, असे आपण अभ्यासवर्गात शिकवतो. येथे ती मजुराने सोसायची आहे, आणि साधनाचे भाडेही त्यानेच द्यायचे आहे.

बरे, कामगार नाही तर नाही. ग्राहक म्हणून तरी त्याने दाद मागावी? तेथेही दार अर्धवटच उघडे आहे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला यातून सवलत दिली होती, आणि तीत त्याने विकत घेतलेल्या वस्तू व त्याने घेतलेल्या सेवा असे दोन्ही शब्द होते. २०१९ च्या कायद्यात त्या सवलतीतून ‘सेवा’ गळाली, ‘वस्तू’ तेवढी राहिली. स्कूटर विकत घेतली तर ग्राहक. विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून भाड्याने घेतली तर ग्राहक असण्याबद्दलही वाद! एक शब्द गाळल्याने केवढे काम होते, हे ज्यांनी तो गाळला त्यांना ठाऊक होते की नाही कोण जाणे. आपल्या प्रतिनिधींनी सभागृहात तो शब्द परत मागितला पाहिजे.

सहलीला गेलेल्या इचलकरंजीच्या पोरांची गोष्ट निराळी. ते निःसंशय ग्राहक आहेत. २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही नवी कल्पना आणली. उघडउघड अवाजवी अनामत, नुकसानीशी प्रमाण नसलेला दंड, ग्राहकाला अडचणीत टाकणारा गैरवाजवी आकार हे सारे तिच्यात बसते. विधी आयोगाने १९८४ च्या आपल्या १०३ व्या अहवालात अनुचित अटींसंबंधी शिफारस केली होती, २००६ मध्ये पुन्हा केली. आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की सौदा करण्याची शक्ती दोघांची सारखी नसताना ठिपक्यांच्या रेघेवर घेतलेली सही अन्यायकारक अटीला पवित्र करीत नाही. हे सर्व चांगलेच आहे. परंतु करारच अनुचित ठरवून घेण्याची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. राज्य आयोगापासून पुढे तो आहे. बत्तीसशे रुपयांसाठी राज्य आयोगाकडे कोण जाणार?

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या कारणांवर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती दाखल होते. इचलकरंजीच्या माणसाला गोव्याला खेटे घालण्याचे कारण नाही. करार कायद्याचे कलम ७४ लक्षात ठेवा : कागदावर दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असो, वाजवी भरपाईपेक्षा अधिक मागता येत नाही, छापलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, ठरलेला हक्क नव्हे. आणि काळजी घेतल्याचा पुरावा आपल्यावर आहे, म्हणून गाडी हाती घेताना आणि परत देताना मालकासमोर तिच्या चारही बाजूंची, चाकांची, काट्यावरच्या आकड्याची आणि पेट्रोलची छायाचित्रे घ्या. ती तेथल्या तेथे मालकाच्या मोबाइलवर पाठवा. म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. जुने ओरखडे कागदावर लिहवून घ्या. ब्रेक आणि दिवे तपासा. मूळ परवाना गहाण ठेवू नका. पाटीचा रंग पाहा. पैसे द्यावेच लागले तर पावतीवर ‘हरकत नोंदवून दिले’ असे लिहा, आणि दुरुस्तीचे बिल व बदललेला भाग मागा. तुटलेला भाग मागितला की आकडा पुष्कळदा खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

परंतु सारा भार पुन्हा भाडेकरूच्या हुशारीवर टाकून आपण मोकळे होणार असू तर पक्षाची आवश्यकताच काय? युरोपात २०१५ साली युरोपीय आयोग आणि तेथील देशांच्या ग्राहक यंत्रणा यांनी मोटारी भाड्याने देणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांना एकत्र वाटाघाटीला बसवले. नुकसानीचे पैसे कापण्यापूर्वी गिऱ्हाइकाला कळवू, पुरावा दाखवू, त्याला आपले म्हणणे मांडू देऊ, आणि वापरले तेवढ्याच इंधनाचे पैसे देण्याचा पर्याय ठेवू, अशा हमी त्यांच्याकडून घेतल्या. त्या कंपन्या काही धर्मादाय नव्हेत. शासनाने एकत्रित दडपण आणले म्हणून त्या वाकल्या. आपल्याकडे भाड्याने गाड्या देणाऱ्यांना परवाना सरकारच देते. तो देतानाच मराठी आणि कोकणीतील नमुना करार, दोघांच्या सहीची स्थितिनोंद, विमा असताना भाडेकरूच्या दायित्वाची मर्यादा आणि बिलावाचून कपात नाही, एवढ्या अटी घालणे कठीण नाही. पन्नास मोटारींची अट काढून लहान मालकांच्या सहकारी संस्थांना परवाना द्यावा, म्हणजे पांढऱ्या पाटीचा धंदा उजेडात येईल. आणि पोटासाठी गाडी भाड्याने घेणाऱ्याला तरी, तो कामगार ठरेपर्यंत थांबायला न लावता, कपातीपूर्वी सुनावणीचा हक्क मिळालाच पाहिजे.

त्या लातूरच्या तरुणाच्या प्रकरणात आम्ही कंपनीला लेखी विचारणा केली आहे : अपघात कसा झाला याची चौकशी कोणी केली, दुरुस्ती कोठे झाली, बिल किती आले, विमा होता काय. उत्तर अद्याप आलेले नाही; दोन आठवड्यांची कपात मात्र थांबली आहे. उरलेल्या चार हजारांचे काय होते ते पाहावयाचे.

माझ्यापाशी आजवर असे नऊ करारनामे जमले आहेत. त्यांतला एकही मराठीत नाही. तुमच्या शाखेत, तुमच्या वस्तीत असा कागद कोणाच्या पिशवीत वा मोबाइलमध्ये असेल तर त्याची एक प्रत जिल्हा कार्यालयात पोहोचती करा. भाडे किती, अनामत किती, कपात किती आणि पावती मिळाली काय, एवढे पाठीमागे लिहा. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपले वकील मित्र ते वाचावयास बसणार आहेत. ज्यांची कपात चालू आहे त्यांनी त्या दिवशी सकाळी दहा वाजता स्वतः यावे.